दिवसातून दोनदा भरती

मी एम.ए. इंग्रजी. वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो काही गोंधळ झाला तो समुद्रामुळे झाला आणि गावात अजूनही लोक तो माझ्या नावावर मांडतात. मांडू देत. आमच्या डोंगरकडा गावाहून कोणत्याही रस्त्याने निघा, समुद्र काही लवकर लागत नाही. आमचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इसापूरचं धरण, आणि त्याचाही पलीकडचा काठ दिसतो.

आमच्या आरोग्य केंद्रात एक नर्स होत्या, केरळातल्या समुद्रकाठच्या, ख्रिश्चन. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. रिटायर होऊन घरी निघाल्या तेव्हा त्यांनी दोन मोठी खोकी माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाल्या, "टीचर, तुम्ही इंग्रजी वाचता ना? घ्या. एक पण खराब पान नाही. सासूसमोर वाचा." मला वाटलं बायबलं असतील. उघडून बघते तर कादंबऱ्या! प्रत्येकीच्या कव्हरवर तेच ते : मागे दीपगृह, पुढे बोट, वाऱ्यात केस उडणारी गोरी पोरगी आणि कोपऱ्यात एक मांजर. घरची आठवण आली की सिस्टर हेच वाचत बसायच्या. पुस्तकातलं गाव अमेरिकेतलं आणि यांचं केरळातलं, पण त्या म्हणायच्या, वास तोच येतो.

मी नाक मुरडलं होतं. एम.ए.ला जड जड नाटकं वाचलेली बाई मी, मांजराच्या कव्हराला काय हात लावणार! पण उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, दुपार काही केल्या सरत नाही. एक वाचली. मग दुसरी. मग माझे यजमान म्हणायला लागले, "भाजीत मीठ न्हाई, कोणाचा खून झालाय आज?"

कारण खून होतोच. या कादंबऱ्यांचं एक ठरलेलं गणित असतं. शहरात मन मोडून घेतलेली पोरगी मावशीचं केकचं दुकान चालवायला समुद्रकाठच्या छोट्या गावी येते. पहिल्या प्रकरणात प्रार्थना, दुसऱ्यात प्रेत आणि तिसऱ्यात होडीवाला. होडीवाला विधुर, उंच आणि कमी बोलणारा. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये जातं, खुनीसुद्धा जातो आणि सगळ्यात मोठ्या आवाजात गातो. पोरगी देवाशी घरच्या माणसासारखी बोलते. गाडी लावायला जागा दे रे देवा, केक फुगू दे रे देवा, आणि हो, तो होडीवाला खुनी निघू देऊ नकोस. चुंबन शेवटच्या पानावर, तेही लग्न ठरल्यावर. सिस्टर खरंच बोलल्या होत्या, एकही पान खराब नाही. मला मात्र एकाच गोष्टीचा राग यायचा. मूठभर घरांचं गाव, दर पुस्तकात एक मुडदा, आणि तरी लोक सकाळी केक घ्यायला रांगेत! आमच्याकडे एक शेळी चोरीला गेली तर महिनाभर कोणी दाराची कडी काढत नाही.

तर या कथा माझ्या तोंडून बाहेर कशा पडल्या ते सांगते. आमची हळद असते. शिजवून, वाळवून झाली की शेडमध्ये बसून निवडायची, लांबट हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे एकीकडे. आमच्या दोन घरांचं एकच शेड आहे. एक घर आमचं, दुसरं थोरल्या दिरांचं. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते, त्या मला मास्तरीण म्हणतात. निवडायला दुपारी सहा-सात बाया बसायच्या. हात चालू आणि तोंड रिकामं, मग गावभरच्या सुनांची निंदा चालायची. मला ती ऐकवेना, कारण मी उठले की माझी सुरू होणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी एक दिवस पुस्तक घेऊनच गेले आणि वाचून मराठीत सांगायला लागले.

जसंच्या तसं सांगून चालणार नव्हतं. पाद्री ठीक आहे, आमच्याकडे माहीत असतात. चर्चमधल्या बायांच्या प्रार्थनामंडळाचं मी भजनी मंडळ केलं, आणि सगळे घरून डबे आणून एकत्र जेवतात त्याचा भंडारा. शिंपल्यांचं सूप मी दोन दिवस टाळलं आणि मग सरळ पिठलं करून टाकलं. दीपगृह म्हणजे मोबाइलचा टॉवर, पण वर फिरता दिवा. आणि समुद्र? समुद्रासाठी मी म्हटलं, "इसापूरचं धरण डोळ्यांपुढे आणा आणि पलीकडचा काठ पुसून टाका."

"मंग पाणी अडवलं कशानं?" अक्कांनी विचारलं.

अक्का अशा. सगळ्या बाया होडीवाल्याचे डोळे कसे आहेत ते विचारणार, अक्का पाण्याचं विचारणार. भरती-ओहोटी आली तेव्हा तर त्यांनी माझी परीक्षाच घेतली. मी म्हटलं, समुद्राचं पाणी चढतं, मग उतरतं.

"सोडतं कोण?"

"चंद्र."

"चंद्र?" अक्कांनी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "टायमावर सोडतो का?"

"अगदी बराबर टायमावर. दिवसातून दोनदा भरती येते."

शेडमध्ये जो हशा उसळला तो काही आवरेना. एक जण म्हणाली, "दिवसातून दोनदा भरती! आन् हितं आमची पोरं वर्षानुवर्षं वाट बघून राहिली!" अक्का हसून हसून डोळे पुसत होत्या. "मास्तरीण, आमच्या पोरीचं नाव त्या चंद्राकडंच लावून दे."

आमच्या भागात भरती म्हटलं की पोलीस भरती. दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येतच नाही, माझ्याही डोक्यात आधी तोच येतो. सकाळी वारंग्याच्या रस्त्याला जाऊन बघा, पोरं-पोरी पळत असतात. त्यांत अक्कांची लेक, माझी पुतणी. तेवीस वर्षांची, काटक, आणि काय पळते! मागच्या भरतीत गोळाफेकीत दोन मार्कांनी गेली. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही, रडलीही नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पळायला गेली. पण त्यानंतर भरती काही निघेना. थोरल्या दिरांनी सांगून टाकलं, आता बास, या वैशाखात लग्न. कुरुंद्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, वाईट म्हणायला जागा नाही. त्यांची एकच अट होती, पोरीचं पळणं-बिळणं बंद. पुढच्या रविवारी ते सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की पोरीचे बूट माळ्यावर गेले असते, हे ती जाणून होती आणि मीही. मी यजमानांकडून एकदा शब्द टाकून बघितला, पण दीर ऐकणाऱ्यांतले नाहीत. अक्का त्या स्थळाबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे बाई गप्प बसली की तो होकार धरतात.

आता तो दिवस. गुरुवार होता. कादंबरी ऐन रंगात आलेली. चर्चच्या दानपेटीची किल्ली सांभाळणारा म्हातारा नाहीसा झालेला आणि केकवाली पोरगी त्याला शोधत समुद्रकाठच्या एका गुहेत शिरलेली. गुहा अशी की पाणी उतरलेलं असेल तेव्हाच आत जाता येतं. हशा झाल्यापासून मी भरती हा शब्द टाळायचे, पाणी चढलं, पाणी उतरलं असंच म्हणायचे. पण त्या दिवशी मीच इतकी गुंगले की तोंडातून निघून गेलं. मी आवाज चढवून म्हटलं, "आणि पाच वाजता भरती येणार होती! घड्याळात चार वाजून गेलेले!"

नेमकी तेव्हा शेडच्या दारात आमची शेजारीण उभी होती. ती कधी आमच्यात बसलेली नाही, चाळणी मागायला आली होती. तिची भाची पण भरतीची तयारी करते. तिला गुहा माहीत नाही, म्हातारा माहीत नाही, तिच्या कानावर पडलं ते एवढंच : मास्तरीणबाई ओरडून सांगत आहेत, पाच वाजता भरती येणार. त्याच वेळी मला शाळेतून फोन आला, परीक्षेच्या कसल्याशा कागदाचा. शेडमध्ये रेंज नसते म्हणून मी उठून रस्त्यावर गेले आणि क्लार्कशी दहा मिनिटं भांडले. परत आले तर शेजारीण गेलेली, चाळणी तिथेच, अक्काही घरात गेलेल्या. बाकीच्या बाया म्हणाल्या, आता उद्या. ती बिचारी पोरगी गुहेतच राहिली.

साडेपाचला फोन सुरू झाले. पहिला फोन माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचा. "मॅडम, जागा किती हायेत?"

"कसल्या जागा?"

"भरतीच्या, मॅडम. तुमीच म्हणल्या ना."

मी म्हटलं, मी काही म्हटलेलं नाही, आणि फोन ठेवला. लगेच दुसरा. मग तिसरा. कोणी वयाची अट विचारतंय, कोणी जातीचा दाखला जुना चालंल का विचारतंय. वीस वर्षं शाळेत "ऐका, ऐका" म्हणून घसा कोरडा केला तेव्हा कोणी ऐकलं नाही आणि जे मी बोललेच नाही ते अर्ध्या तासात तीन गावांनी ऐकलं! शेवटी वारंगा फाट्यावरच्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा फोन आला. घाबरलेला होता. "मॅडम, साइटवर काहीच दिसून न्हाई राहिलं. दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई, पोरं म्हणतेत मॅडमनी सांगितलं पाच वाजता येणार. सव्वासहा झाले."

मी डोळे मिटले. "अरे बाबा, ती समुद्राची भरती होती."

त्याने अगदी आदराने विचारलं, "समुद्राची म्हंजे नेव्हीची का, मॅडम?"

आता यावर काय बोलणार! मी त्याला कादंबरी समजावून सांगायला लागले, गुहा, म्हातारा, केकचं दुकान. त्याने ऐकून घेतलं आणि दुकानातल्या पोरांना मोठ्याने सांगितलं, "नेव्हीची बी न्हाई. मॅडमची तब्येत ठीक न्हाई."

हसायला येत होतं, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात यजमान घरात आले आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू गेलं. म्हणाले, "भाऊनं कुरुंद्याला फोन केला." अक्कांनी दिरांना सांगितलं होतं, भरती निघाली, मास्तरीण म्हणून राहिली, पोरीला यंदाचा फॉर्म भरू द्या, रविवारचं थांबवा. दीर तापट असले तरी सरकारी नोकरीपुढे त्यांचंही काही चालत नाही. त्यांनी फोन लावला. कुरुंद्याच्या लोकांना ते झोंबलं. ठरल्या शब्दाला मागं सरता का, आमी काय वाट बघत बसावं, दुसरं स्थळ तयार हाय, म्हणाले आणि ठेवून दिला.

पोरीचं पळणं बंद होऊ नये असं मलाही मनापासून वाटत होतं, पण म्हणून जावेच्या पोरीची जमलेली सोयरिक माझ्या तोंडच्या एका शब्दाने मोडायची? तेही खोट्या! उद्या चांगलं स्थळ आलंच नाही तर आयुष्यभर ते माझ्याच माथी. दुसऱ्या दिवशी दिरांना खरं कळलं. आमचे थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत, मध्ये दार असलं की दाराशी बोलतात. त्या सकाळी ते आमच्या दाराला म्हणाले, "शिकलेल्या माणसानं घरात बसून समुद्र आणला आन् सोयरिक बुडवली." यजमान मध्ये पडले तर त्यांनाही मिळालं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. पुन्हा फोन लावा असं कोणीतरी सुचवलं, तर दीर म्हणाले, त्यांनी रात्रीतूनच दुसरीकडं शब्द दिला, आता एवढ्या लवकर दुसरं कुठं बघणार, बघू पुढच्या वर्षी.

दुपारी शेडमध्ये कोणी आलं नाही. बायांना वाटलं असणार आज इथे जुंपणार. अक्का मात्र रोजच्या जागी बसून हळकुंडं निवडत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. घरून मी सगळं पाठ करून आले होते, चूक कशी झाली, शेजारणीने कसं अर्धवट ऐकलं. म्हटलं, "अक्का, माझं चुकलं. मी तो शब्द वापरायलाच नको होता. त्या बयेने काही न विचारता गावभर—"

"तिनं इचारलं की," अक्का म्हणाल्या. मान वर केली नाही. "तू फोनवर व्हतीस. तिनं मला इचारलं, भरती येणार म्हणतेत, खरं का?"

"मग?"

"मी म्हणलं, व्हय. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं हाय."

मला काही क्षण कळेचना. मग कळलं आणि मी त्या हळदीच्या ढिगावरच बसले. "अक्का! तुम्हाला माहीत होतं ना! चंद्र, पाणी, सगळं तुम्हीच विचारून घेतलं होतं माझ्याकडून!"

"मंग? न समजायला मी काय येडी हाय?"

मला भयंकर राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "गावातल्या पोरांनी सेंटरवर गर्दी केली. किती आशेने गेली असतील लेकरं. आणि मला सगळं गाव वेड्यात काढतंय. शाळेत उद्या हेडमास्तर विचारणार, मॅडम, समुद्र कसा आहे."

"पोरांना काय झालं? आज जास्त पळाली सगळी. आमची तर दोन चक्कर जास्त मारून आली." मग त्यांनी जरा थांबून माझ्याकडे बघितलं. "तुला तकलीफ झाली. ती मात्र झाली. माझा शब्द कोण धरतं या घरात? तुझा धरतेत. म्हणून तुझा घेतला."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी हळू आवाजात विचारलं, "स्थळ नको होतं तर आधीच सांगायचं ना, अक्का."

"कोणाला? पोराला वाईट म्हणू? पोरगं चांगलं हाय. घर चांगलं हाय. पोरीला पळायचंय म्हणून चांगलं स्थळ सोडा, असं म्हणलं तर कोण ऐकंल?" त्या पुन्हा निवडायला लागल्या. गड्डा इकडे, हळकुंड तिकडे, हात जराही थांबत नव्हता. "भरती निघाली म्हणलं, लगेच ऐकलं."

"आणि भाऊजींना कळलं, तुम्ही जाणूनबुजून केलं, तर? भीती नाही वाटली तुम्हाला?"

"लई वाटली. काल फोन लावला तवा ह्या दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी व्हते." त्यांनी ते हात माझ्यापुढे धरले, पिवळेधमक, नखांपर्यंत. "मला बघायला आले तवा मी सातवीत व्हते, मास्तरीण. वर्गात पहिली. मी मायच्या पदराला धरून म्हणलं, मला शाळेत जायचंय, काहीबी सांग त्यांना, आजारी हाय म्हण, काहीबी म्हण. घरात आठ माणसं व्हती. माझ्यापायी एक खोटं बोलायला कोणीच तयार झालं न्हाई."

मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन, नाक ओढून, शाळेतल्या पोरींसारखी. पदर हळदीने माखला तरी थांबेना. अक्कांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्यांनी पुढचं हळकुंड उचललं आणि त्या म्हणाल्या, "आता तू काहून रडून राहिली? पोरगी पळून राहिली न्हवं?"